ख्रिस्ती शिकवण : घरात आणि मंडळीत

नव्या करारात विवाहाची शिकवण आणि मंडळीतल्या परस्परसंबंधांची शिकवण शेजारीशेजारी येतात. मत्तयाच्या 18व्या अध्यायात भावाने अपराध केला तर काय करावे हे सांगून होते आणि 19व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच परूशी सूटपत्राचा प्रश्न घेऊन येतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात 6व्या अध्यायात विश्वासणाऱ्यांच्या कोर्टकज्जांचा विषय आहे, 7व्यात विवाहाचा. इफिसकरांस पत्रात तर पतिपत्नीच्या नात्याला ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याचाच आधार दिला आहे. त्यामुळे एखाद्या मंडळीने घरापुरता या वचनांचा जो अर्थ लावला, तोच बहुधा तिच्या कारभारातही उतरलेला दिसतो. दोन हजार वर्षांच्या या व्यवहाराकडे पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला आधी बांधणारी म्हणून ही शिकवण वाचली गेली, तेथे तिने माणसे उभी केली. जो दुबळा आहे त्याच्यावर आधी लादली गेली, तेथे तीच वचने अन्यायाला आडोसा झाली.

येशूच्या उत्तरापासूनच हे दिसते. त्या काळच्या यहुदी समाजात बायकोला सोडण्याचा अधिकार नवऱ्याचा होता आणि कोणत्या कारणासाठी सोडता येते यावर हिल्लेल आणि शम्मय या गुरूंच्या परंपरांत वाद होता. परूशांचा प्रश्न पुरुषाच्या हक्काची मर्यादा विचारणारा होता. येशूने त्यांना उत्पत्तीच्या आरंभाकडे नेले आणि मोशेची सवलत माणसांच्या कठोर मनामुळे होती असे सांगितले. सोडलेल्या बाईला उदरनिर्वाहाचा आधार नसे, हे ध्यानात घेतले की या उत्तराची धार कोणाकडे होती ते कळते. आज मात्र हेच वचन मार खाणाऱ्या बाईला नांदायला परत पाठवण्यासाठी वापरले जाते.

ही शिकवण वेगवेगळ्या परिस्थितीत कशी लावायची, याचा धडा नव्या करारातच आहे. मार्कात अपवाद नाही, मत्तयात व्यभिचाराचा अपवाद आहे. मार्क 10 मध्ये बायकोने नवऱ्याला सोडण्याचाही उल्लेख येतो. रोमी कायद्यात तो हक्क होता, यहुदी व्यवहारात जवळजवळ नव्हता. पौलासमोर करिंथात आणखी नवा प्रश्न आला : जोडप्यातले एकच माणूस विश्वासात आले तर? येशूच्या बोलण्यात यावर थेट काही नव्हते. पौलाने ते उघडपणे सांगितले, प्रभूची आज्ञा आणि आपला सल्ला वेगळे ठेवले आणि निर्णय दिला : विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला राजी असेल तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये, तो निघून गेला तर विश्वासणारा बांधलेला नाही. कॅथलिक धर्मशास्त्रात या वचनावर पुढे ‘पौलीय विशेषाधिकार’ म्हणून तरतूद झाली. 1983च्या धर्मसंहितेत ती 1143व्या कलमात आहे.

इफिसकरांस पत्राच्या 5व्या अध्यायावर जेवढी प्रवचने लग्नविधीत होतात तेवढी क्वचितच दुसऱ्या उताऱ्यावर होत असतील. बहुतेक वेळा ती 22व्या वचनापासून, म्हणजे स्त्रियांनी पतीच्या अधीन राहावे येथून सुरू होतात. प्रत्यक्षात वाक्याची सुरुवात 21व्या वचनात आहे आणि तेथे सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे म्हटले आहे. अनेक छापील आवृत्त्यांत या दोन वचनांच्या मध्ये नवे शीर्षक घातलेले असते आणि जोड तुटते. पुढे पत्नींसाठी तीन वचने आहेत, पतींसाठी त्याच्या जवळपास तिप्पट. पतीपुढे ठेवलेला आदर्श मंडळीसाठी प्राण देणाऱ्या ख्रिस्ताचा आहे. बायको, मुले आणि गुलाम यांच्यावर कुटुंबप्रमुखाचा हक्क गृहीत धरणाऱ्या रोमी समाजात प्रमुखालाच एवढे लांबलचक कर्तव्य सांगणे विलक्षण होते. करिंथकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात पौल आणखी पुढे जातो. पत्नीच्या शरीरावर पतीचा हक्क आहे हे त्या काळी कोणीही म्हटले असते. पतीच्या शरीरावर पत्नीचा हक्क आहे, हे मात्र पौलाने त्याच दमात म्हटले.

याच अध्यायात अविवाहित राहण्यालाही मान आहे, आणि विधवेला प्रभूमध्ये पुन्हा लग्न करण्याची मोकळीक आहे. महाराष्ट्रात विधवांच्या प्रश्नाने एकोणिसावे शतक ढवळून निघाले, त्या काळात ही मोकळीक साधी नव्हती.

पहिल्या हजार वर्षांत चर्चमधला विधी झाल्याखेरीज विवाह वैध नाही असा सार्वत्रिक नियम नव्हता. बाराव्या शतकात ग्रेशियन आणि पीटर लोम्बार्ड यांच्या ग्रंथांमुळे आणि तिसऱ्या अलेक्झांडर पोपच्या निर्णयांमुळे पश्चिमेत एक तत्त्व पक्के झाले : विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने. बाप, सरंजामदार किंवा कुळ यांची संमती त्यासाठी अनिवार्य नाही. मुलीचे लग्न हा जमिनीचा व्यवहार असलेल्या समाजात हे तत्त्व फार मोलाचे होते. त्याची दुसरी बाजूही लवकरच दिसली. साक्षीदारांवाचून गुपचूप लग्ने होऊ लागली आणि पुढे पुरुष सरळ कानावर हात ठेवू लागले. 1215च्या लॅटरन परिषदेने लग्नाची आगाऊ जाहीर घोषणा सक्तीची केली आणि 1563 मध्ये ट्रेंट परिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर झालेलाच विवाह वैध ठरवला. रविवारच्या उपासनेत आजही होणाऱ्या लग्नाच्या घोषणांचे मूळ येथे आहे.

धर्मसुधारणेने वेगळी वाट धरली. लूथरने विवाहाला संस्कार मानण्याचे नाकारले आणि तो ऐहिक व्यवस्थेचा भाग ठरवला. जिनिव्हात कॅल्विनच्या काळी 1541 मध्ये पाळक आणि वडीलवर्ग यांची सभा स्थापन झाली आणि नवराबायकोची भांडणे, मारहाण, फसवी वचने हे सारे तिच्यापुढे येऊ लागले. व्यभिचार आणि परित्याग या कारणांवर घटस्फोट आणि पुनर्विवाह मान्य झाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी पहिला विवाह मोडल्यावर दुसऱ्या विवाहाला पश्चात्तापाच्या सुराच्या विधीने जागा दिली. या तिन्ही परंपरा आजही चालू आहेत, आणि भारतातल्या ख्रिस्ती कुटुंबांना त्या प्रसंगी एकाच घरात भेटतात.

महाराष्ट्रात एकाच जोडीदाराच्या धर्मांतराचा प्रश्न करिंथासारखाच पुढे आला. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये आणि अहमदनगरला 1831 मध्ये सुरू झाले. बाप्तिस्मा घेणारा बहुधा एकटा पुरुष असे. त्याची बायको सासरच्या किंवा माहेरच्या माणसांच्या दबावाखाली, किंवा स्वतःच्या श्रद्धेमुळे, त्याच्याबरोबर येत नसे. 1866 मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडून दिले असेल तर न्यायालयात जाण्याची, आणि न्यायालयाने जोडीदाराला विचार करायला मुदत दिल्यानंतर विवाह संपवून घेण्याची सोय त्यात होती. पौलाच्या सल्ल्याचे हे सरकारी रूप म्हणता येईल.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो मोठा आघात होता आणि पतिपत्नी काही वर्षे वेगळी राहिली. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही, लक्ष्मीबाईंवर धर्मांतराची सक्तीही केली नाही. त्या पुढे नगरला त्यांच्याकडे आल्या आणि आपल्या विचाराने, आपल्या वेळी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही सारी हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे आणि सोवळेओवळे त्यांच्या मनातून कसे गेले तेही त्यात आले आहे. विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराशी शांततेने राहावे, या पौलाच्या सल्ल्याचे मराठीतले याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्यात अर्थ सांगणाऱ्या नवऱ्याइतकाच, किंबहुना जास्त, आवाज बायकोचा आहे.

बाप्तिस्मा मागणाऱ्या, पण अनेक बायका असलेल्या पुरुषाचा प्रश्न जास्त निर्दय रीतीने हाताळला गेला. त्याला एक ठेवून बाकीच्या सोडायला लावायचे की आहे तसे स्वीकारायचे? 1888च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी अशा पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये, त्याच्या बायकांना मात्र काही प्रसंगी द्यावा असे ठरवले. बरोबर 100 वर्षांनी, 1988च्या परिषदेत, नवे लग्न न करण्याच्या अटीवर आणि समाजाच्या संमतीने त्याला कुटुंबासह घ्यावे असा ठराव झाला. सोडून दिलेल्या बायकांचे काय होते, हा विचार पुढच्या ठरावात आला. तो मधल्या शंभर वर्षांत यायला हवा होता.

भारतातला ख्रिस्ती विवाहाचा कायदा 1872चा आहे. विवाह कोणी लावावा, नोटीस कशी द्यावी, नोंद कोठे ठेवावी याचे तपशील त्यात आहेत. सामान्यतः लग्न सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळातच लावावे अशीही तरतूद आहे. गोव्यात तो लागू नाही. तेथे 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कुटुंबकायदा सर्वधर्मीयांना चालतो. घटस्फोटाचा 1869चा कायदा मात्र जास्त बोलका आहे. 1857च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर तो बेतला होता. नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. पत्नीला नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग किंवा तशाच गंभीर गोष्टीचा पुरावा लागे. मार्काच्या 10व्या अध्यायात नवऱ्याला आणि बायकोला एकच माप आहे. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या या कायद्यात दोन मापे होती. इंग्लंडने व्यभिचारापुरती ही तफावत 1923 मध्ये काढली. भारतातल्या ख्रिस्ती स्त्रियांना 2001 पर्यंत थांबावे लागले. 1995 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि 1997 मध्ये प्रगती वर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या तरतुदीचा भेदभाव करणारा भाग घटनाबाह्य ठरवला, तेव्हा संसद हलली. 2001च्या दुरुस्तीने बहुतेक कारणे दोघांना सारखी झाली आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय आली. समतेचा हा मुद्दा आधी न्यायालयांना मांडावा लागला, ही मंडळ्यांनी मनाला लावून घेण्याजोगी गोष्ट आहे.

कॅथलिक चर्चमध्ये पूर्ण झालेला संस्काररूप विवाह मोडता येत नाही. तो मुळातच अवैध होता का, एवढेच धर्मप्रांताचे न्यायमंडळ तपासते. संमतीत दोष, फसवणूक, विवाहाची जबाबदारी पेलण्याची मानसिक अक्षमता ही त्याची कारणे असतात. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली आणि दुसऱ्या न्यायमंडळाच्या दुजोऱ्याची सक्ती काढली. 2016च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात पुन्हा लग्न केलेल्यांना मंडळीबाहेरचे समजू नये, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी पाहावी असा आग्रह आहे. त्यांना पवित्र सहभागिता द्यावी का, यावर बिशपांमध्ये अजूनही एकमत नाही. न्यायमंडळाचा निर्णय हाती आला की देशाच्या कायद्यानेही मोकळे झालो असे अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मॉली जोसेफ खटल्यात ते नाकारले. दिवाणी न्यायालयाचा हुकूम न घेता केलेले दुसरे लग्न द्विभार्या-द्विपती प्रतिबंधाच्या कचाट्यात सापडू शकते. लग्न मोडलेल्या माणसाला धर्मगुरूंनी हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

आंतरधर्मीय लग्नांत प्रोटेस्टंट मंडळ्या सहसा करिंथकरांस दुसऱ्या पत्रातल्या विजोड जोखडाचे वचन पुढे करतात, जरी त्या उताऱ्यात विवाहाचे नावही नाही. कॅथलिक व्यवस्थेत बिशपची सूट घेऊन असे लग्न लावता येते. कॅथलिक जोडीदार आपला विश्वास टिकवण्याचे आणि मुलांना त्या विश्वासात वाढवण्यासाठी होईल तेवढे करण्याचे वचन देतो; दुसऱ्या जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते, त्याच्याकडून वचन घेतले जात नाही. 1954च्या विशेष विवाह कायद्याची वाट सर्वांनाच मोकळी आहे. ती धरणाऱ्यांना मंडळीतून गळून पडू द्यायचे की घरी जाऊन भेटायचे, यात पाळकाची कसोटी असते.

आता मंडळीकडे. मत्तयाच्या 18व्या अध्यायात तीन पायऱ्या आहेत : आधी एकट्याने भेटून सांगावे, मग एकदोघांना घेऊन जावे, मग मंडळीला सांगावे. मिशनच्या काळापासून मराठी मंडळ्यांत शिस्तीची हीच चौकट मानली गेली आणि शेवटचा उपाय म्हणजे प्रभुभोजनापासून दूर ठेवणे. दोन गोष्टी मात्र मागे पडल्या. पहिली म्हणजे परतीची वाट. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल शिक्षा झालेल्या माणसाला क्षमा करून जवळ घ्यायला सांगतो, दुःखाने तो पार खचून जाईल म्हणून. दुसरी म्हणजे शिस्तीचा रोख. ती पळून जाऊन केलेल्या लग्नावर आणि कुमारिकेच्या गर्भावर सहज चालली. हुंडा, मारहाण आणि जातिभेद यांच्यावर क्वचितच चालली.

जातीबद्दल शास्त्रवचन पुरेसे स्पष्ट होते. अंत्युखियात यरुशलेमहून माणसे आल्यावर पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला आणि पौलाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला, हे गलतीकरांस पत्रात आहे. हा प्रसंग पंक्तीचा आहे. महाराष्ट्रात तो कोणाला समजावून सांगावा लागू नये. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांत जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडावा असे फर्मान काढले, त्यावर अनेक कुटुंबे मंडळी सोडून गेली. गोव्यात चर्चच्या उत्सवांची जबाबदारी सांभाळणाऱ्या कॉन्फ्रारिया ब्राह्मण आणि चारडो अशा जातींत वाटल्या गेल्या. देवळात एकत्र बसणे पुष्कळ ठिकाणी साधले. सोयरीक जुळवताना मात्र पूर्वीची जात आजही विचारली जाते, आणि इफिसकरांस पत्राचा उतारा त्याच लग्नात वाचला जातो. ख्रिस्तात भेद उरत नाही हे मानणाऱ्या मंडळीची खरी परीक्षा सोयरिकीत आहे. या प्रश्नावर वडीलवर्गाने स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी लागते.

कोर्टकज्जांबाबत तर व्यवहार शिकवणीच्या अगदी उलट गेला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. एकीच्या इतिहासातला तो मोठा दिवस होता. पुढे मिळकती कोणाच्या यावर वाद सुरू झाले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा तंटा 2005 आणि पुन्हा 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. भावाने भावावर फिर्याद करण्यापेक्षा नुकसान सोसावे, हा पौलाचा सल्ला समान बळाच्या दोन विश्वस्त मंडळांना नेमका लागू पडतो. तेथे तो कोणी मानला नाही. ज्या बाईवर अत्याचार झाला तिला मात्र पोलिसांकडे जाऊ नये म्हणून तोच ऐकवला जातो.

अधिकार कोणाचा, हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्येच उभा केला होता. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली आणि रमाबाईंनी ती मानण्यास नकार दिला. ख्रिस्ताचे आज्ञापालन आणि धर्माधिकाऱ्यांचे आज्ञापालन एक नव्हे, ही भूमिका त्यांनी पत्रांतून ठामपणे मांडली. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल फिबी, प्रिस्किल्ला, युनिया यांचा सहकारी म्हणून गौरव करतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मात्र स्त्रीने शिकवू नये असे म्हटले आहे. पहिल्या बाजूला वजन देणाऱ्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत आज स्त्री पाळक आहेत आणि 2013 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात ई. पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. कॅथलिक चर्चने 1994 मध्ये स्त्रियांना पुरोहितदीक्षा देण्याचा अधिकार आपल्याला नाही असे जाहीर केले आणि ती भूमिका कायम आहे.

घर आणि मंडळी हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात ते हिंसेच्या प्रकरणांत. मारहाण होत असलेली बाई पाळकाकडे येते तेव्हा तिला प्रार्थना करायला, सहन करायला, एकट्याने जाऊन नवऱ्याशी बोलायला सांगितले जाते. मत्तयाच्या 18व्या अध्यायाची पहिली पायरी जिवाला धोका असलेल्या माणसासाठी नाही. त्याच अध्यायात त्याआधी लहानातल्या एकाला अडखळवणाऱ्याला अत्यंत कडक इशारा दिलेला आहे. कॅथलिक धर्मसंहितेच्या 1153व्या कलमानुसार जोडीदाराकडून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा हक्क आहे, आणि विलंबात धोका असेल तर परवानगीची वाट न पाहता. हे कलम फार थोड्या स्त्रियांना ठाऊक असते. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षणाचा आदेश आणि घरात राहण्याचा हक्क मिळतो. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही, म्हणून विवाह टिकवू पाहणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीलाही तो वापरता येतो.

मुलांच्या बाबतीत मंडळीला अंतर्गत चौकशीवर थांबताच येत नाही. 2012च्या पोक्सो कायद्याच्या 19व्या कलमाने लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, बिशप आणि पाळक त्यात आलेच. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2010 मध्ये स्त्रीपुरुष समानतेचे धोरण आणि 2017 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शिका काढली. 2013च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तेथे अंतर्गत समिती हवी. वेतन न घेता स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही या कायद्याच्या व्याख्येत येते. त्यामुळे मंडळीच्या शाळा-दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांइतकीच रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी तरुणीही संरक्षणाची हक्कदार ठरू शकते. एक पाळक आणि एक राखणदार एवढाच कारभार असलेल्या खेड्यातल्या मंडळीत तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते, आणि त्या समितीचा पत्ता देवळाच्या सूचनाफलकावर लावणे हे वडीलवर्गाचे काम आहे.